दोन नोटा, एकच डाग: माझे १,६३,३५० रुपये कसे गेले

तेहेतीस वर्षं मी एका सहकारी बँकेत कॅश काउंटरला बसलो. खोटी नोट बोटाला लागली की न बघता बाजूला निघायची, इतकी सवय. त्या मला एका पंचवीस-तीस वर्षांच्या पोरानं दुसऱ्या महायुद्धातल्या फिलिपिन्सच्या नोटा म्हणून २६ छापील कागद विकले आणि मी ते घेतले. एकूण गेले १,६३,३५० रुपये. मुदत ठेव मोडून दिले. घरात तीन आठवडे कुणाला सांगितलं नाही. लाज वाटत होती, अजून वाटते. पण परवा तोच माल दुसऱ्या नावानं विकायला आलेला पाहिला, म्हणून लिहितोय.

हा नाद मला लागला तो आजोबांमुळे. ते लष्करात होते. १९४५ साली ब्रह्मदेशातून परत येताना त्यांच्या ट्रंकेत काही जपानी नोटा आल्या. रुपयाच्या, पण वर इंग्रजीत छापलेलं 'द जॅपनीज गव्हर्नमेंट'. त्यांवर नंबर नसतो, नुसती अक्षरं असतात, आणि पहिलं अक्षर 'बी', म्हणजे बर्मा. मलायाच्या नोटांवर 'एम', फिलिपिन्सच्या नोटांवर 'पी'. इंग्रज परत आले आणि त्या नोटांची रद्दी झाली. लहानपणी आम्ही त्या व्यापार खेळायला घ्यायचो. निवृत्त झाल्यावर त्यांचा इतिहास वाचायला बसलो, 'पी'वरून फिलिपिन्सला पोचलो, आणि तिथे समजलं की जपान्यांनी छापलेल्या नोटांपेक्षा जपान्यांच्या विरोधात छापलेल्या नोटांची गोष्ट कितीतरी मोठी आहे.

डिसेंबर १९४१मध्ये जपानचा हल्ला झाला, २ जानेवारी १९४२ला मनिला पडलं. बेटांवरच्या प्रांतांत रोकड पोचेना. राष्ट्राध्यक्ष मॅन्युएल केझॉन यांनी प्रांतांना स्वतःच्या आणीबाणीच्या नोटा काढायची परवानगी दिली. सेबू, इलोइलो, बोहोल, निग्रोस, मिंडानाओ, सगळीकडे चलन समित्या बसल्या. ६ मे १९४२ला कॉरेहिडोरचा किल्ला पडला, फौजा शरण गेल्या, पण डोंगरात गेलेले लोक गनिमी काव्यानं लढत राहिले आणि नोटाही काढत राहिले. मिंडानाओत कर्नल वेंडेल फर्टिग, पनाय बेटावर गव्हर्नर टोमास कॉन्फेसर. जपान्यांना अशी नोट एखाद्याच्या घरात सापडली तर त्या माणसाच्या जिवाची खात्री नसे. तरी शेतकऱ्यांनी त्या घेतल्या, भात दिलं, आणि नोटा लपवून, पुरून जपल्या. युद्धानंतर सरकार पैसे देईल या एका भरवशावर. गनिमी हा शब्द आपल्याकडे कानावर पडला की काळीज हलतंच. माझं हललं.

आता या नोटा दिसतात कशा, ते सांगतो, कारण सापळा तिथेच आहे. सरकारी टांकसाळ नाही, चांगली शाई नाही, कागद नाही. शाळेच्या वहीचा रेघी कागद, पुड्या बांधायचा तपकिरी कागद, जे मिळेल ते. कुठे कोरलेले लाकडी ठसे, कुठे सायक्लोस्टाइल. स्पेलिंगच्या चुका आहेत, नंबर वाकडे आहेत, मागे एखाद्या अधिकाऱ्याची हातानं केलेली सही आहे. बँकेत आम्ही जे तपासतो त्यातलं काहीच इथे नाही. जलचिन्ह नाही, तार नाही, उठावदार छपाई नाही. म्हणजे खोटी नोट करणाऱ्याला हे रान मोकळं आहे. नोट जितकी ओबडधोबड दिसेल, तितकी खरी वाटते.

पोरगा मला एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर भेटला. रत्नागिरीकडचा आहे म्हणायचा. मामा बोटीवर होता, सेबू आणि इलोइलोच्या बंदरांत उतरायचा, तिथे जुन्या बाजारात नोटा घ्यायचा, आता मामा गेला, अल्बम मामीकडे आहे. मला 'काका' म्हणायचा. कोकणातली माणसं बोटीवर जातात हे कुणाला नवीन आहे? माझ्या स्वतःच्या शेजारचे दोघं गेले. मी का शंका घ्यावी?

पहिले तीन व्यवहार चोख झाले. ९०० रुपयांना ब्रह्मदेशाच्या जपानी नोटांचा संच. २,४०० रुपयांना निग्रोसची एक पेसोची नोट, तपकिरी कागदावरची. ६,८०० रुपयांना बोहोल आणि इलोइलोच्या मिळून चार नोटा. या सगळ्या खऱ्या होत्या, आजही मी छातीठोक सांगतो. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. आधी खरं देऊन मग मोठा हात मारायचा, हे बँकेत मी लोकांना शिकवायचो.

मग मोठा लॉट आला. ३७ नोटा, १,४२,५०० रुपये. मिंडानाओ, निग्रोस, बोहोल, थोडे जपानी पेसो, म्हणजे जपान्यांनी फिलिपिन्ससाठी छापलेल्या नोटा, आणि त्यात कुष्ठरुग्णांच्या वसाहतीच्या, कुलिऑन बेटाच्या, १९४२च्या दोन नोटा. कुलिऑन वाचलं आणि माझं डोकं चालायचं थांबलं. जगानं बेटावर नेऊन टाकलेली माणसं, त्यांनी युद्धात स्वतःसाठी काढलेलं चलन. अशी नोट हातात यावी असं मला चार वर्षं वाटत होतं, आणि हे मी त्या पोराला ऑगस्टमध्ये स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. आपल्याला कुठली नोट हवी आहे ते विकणाऱ्याला कधीही सांगू नका.

२ ऑक्टोबरच्या रात्री साडेदहाला फोटो आले. त्या रात्रीबद्दल लिहिताना अजून हात थरथरतो.

बोहोलच्या दोन नोटा शेजारी शेजारी ठेवून फोटो काढला होता. नंबर वेगळे. दोन्हीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात पाण्याचा तपकिरी डाग. आकार आंब्याच्या पानासारखा, टोक वर वळलेलं. दोन्हीवर तोच. मी फोटो मोठा करून पाहिला. डागाच्या कडेला एक बारीक दात होता, तोही दोन्हीवर होता. मी पाहिला. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. मला पाच मिनिटं कसंतरी झालं. उठून पाणी प्यायलो. आणि मग मी काय केलं? त्याला विचारलं, "या नोटा गठ्ठ्यात होत्या का? गठ्ठा ओला झाला असेल, बांबूत घालून पुरला असेल, म्हणून डाग आरपार गेला का?"

तो म्हणाला, "हो काका, अगदी बरोबर. मामा पण असंच काहीतरी म्हणायचा."

त्याला उत्तर माहीतच नव्हतं. मी ते दिलं. चार वर्षांचं माझं वाचन मी त्याच्या तोंडात घातलं आणि त्याच्याच तोंडून परत ऐकून माझी खात्री पटली. लोकांनी नोटा पुरल्या होत्या हे मला ठाऊक होतं, म्हणून तो डाग मला पुरावा वाटला. ज्याला काही माहिती नाही असा माणूस त्या रात्री म्हणाला असता, "दोन्ही डाग सारखे कसे?" आणि फोन ठेवला असता. आरपार गेलेला डाग प्रत्येक कागदावर थोडा बदलतो, लहान होत जातो, कड पुसट होते. हे मला कळत होतं. भिजलेले गठ्ठे मी काउंटरवर सोडवले आहेत, महापुरानंतर लोकांनी चिखलातून काढून आणलेले. एकही डाग दुसऱ्यासारखा नव्हता. तरी मी स्वतःला गप्प केलं.

म्हणून सांगतो, शंका आली की प्रश्न असा विचारा ज्यात उत्तर नसेल. "हा डाग कशाचा?" एवढंच. पुढे गप्प राहा.

पैसे तीन हप्त्यांत गेले. ३ ऑक्टोबरला ५०,०००, ६ तारखेला ६०,०००, ९ तारखेला ३२,५०० आणि पार्सल-विमा म्हणून २,३५०. तीन हप्ते, तीन वेगळी खाती, तीन वेगळी नावं. एक म्हणे मामी, एक बहीण, एक मित्र. काउंटरवरच्या कुठल्याही पोराला विचारा, तो याला काय म्हणतो. मी व्हिडिओ कॉल मागितला तर "गावात रेंज नाही". फोटो मात्र वीस-वीस येत होते. आणि "नाशिकचे एक जण दीड लाख द्यायला तयार आहेत, पण तुम्ही काका आहात". हे सगळं जुनं आहे, यावर जास्त लिहीत नाही.

माझी बाजू एवढीच आहे की मी हावरट नव्हतो. स्वस्तात घबाड मिळतंय म्हणून मी गेलो नाही. किंमत मला पुरेशी वाटली, थोडी जास्तच वाटली. विकून नफा करायचा विचार माझ्या मनात कधी आला नाही. पोलिसांपासून मेहुण्यापर्यंत सगळे "लोभ नडला" म्हणतात. तो शब्द मी मान्य करणार नाही.

१७ ऑक्टोबरला पार्सल आलं. ३७ नोटा, प्रत्येक जाड प्लास्टिकच्या पाकिटात. पाकिटांची तोंडं चिकटवलेली, आत चिठ्ठी, "बोटांचं तेल लागू नये म्हणून उघडू नका". मी उघडली नाहीत. नऊ दिवस रोज संध्याकाळी काढून बघायचो आणि ठेवायचो. ज्या बोटांवर मी तेहेतीस वर्षं भाकरी खाल्ली त्या बोटांना मीच नोटेपासून लांब ठेवलं. पाकीट उघडू नका असं सांगणारा विकणारा दिसला तर पहिलं काम पाकीट उघडायचं.

२४ तारखेला त्यानं सुचवलं, सहा चांगल्या नोटा अमेरिकेत ग्रेडिंगला, म्हणजे तपासून दर्जा ठरवून घ्यायला, पाठवू, प्रमाणपत्रासह डबीत येतील, किंमत तिप्पट होईल, माझ्यामार्फत पाठवल्या तर फी १८,५००. मी तीही भरली. ग्रेडिंगचे पैसे कुणा मध्यस्थाच्या वैयक्तिक खात्यात भरू नका, ग्रेडिंग कंपनीकडे स्वतः चौकशी करा, हे मी आज सांगतो आहे.

२६ला त्या सहा नोटा पाठवण्यासाठी पाकिटातून काढल्या. पहिली कुलिऑनची. बोटाला लागली आणि मला कळलं. एक सेकंद लागला नसेल. कागद गुळगुळीत होता, दोन्ही बाजूंनी सारखा. नंबराच्या यंत्राचा ठसा मागून हाताला लागतो, इथे काहीच नव्हतं. भिंग घेतलं. जो तपकिरी रंग मी कागदाचा समजत होतो तो गुलाबी, पिवळ्या, निळ्या ठिपक्यांचा होता. डागही ठिपक्यांचा. घडीची चूणसुद्धा छापलेली, त्या जागी कागद दुमडलेलाच नव्हता. मागची 'हातानं केलेली' सही, तीही ठिपके.

मग कपाटातून निळा दिवा काढला, बँकेत असतो तसला अतिनील (यूव्ही) दिवा. पूर्वीच्या कागदात हल्लीसारखी चकाकी आणणारी रसायनं नसत, म्हणून युद्धकाळातला कागद त्या दिव्याखाली मंद दिसतो. १९ नोटा लख्ख निळ्या उजळल्या. पण नुसत्या दिव्यावर विसंबू नका. आणखी सात नोटा उजळल्या नाहीत, कारण त्या खऱ्याच तपकिरी पुड्याच्या कागदावर छापल्या होत्या. त्या भिंगात सापडल्या. उरलेल्या ११ खऱ्या निघाल्या: आठ जपानी पेसो, जे कुठेही मिळतात, आणि निग्रोसच्या तीन फाटक्या नोटा. एका ओळखीच्या व्यापाऱ्यानं त्या अकरांचे मिळून ३,२०० रुपये सांगितले. दिवा घरात होता. भिंग घरात होतं. दोन्ही ड्रॉवरमध्ये, टेबलापासून हातभर अंतरावर.

पुढचे पाच दिवस मी त्या पोराला विनवत बसलो. ही माझी सगळ्यात मोठी चूक. त्यानं "काका बघतो, काका मामीला विचारतो" करत मला घोळवलं आणि ३० तारखेला नंबर बंद केला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला मी ३१ तारखेला फोन केला. २६च्या रात्रीच केला असता तर निदान ते १८,५०० कुठेतरी अडकले असते. फसवणूक कळली की फसवणाऱ्याशी एक शब्दही बोलू नका. आधी १९३०, मग आपली बँक, मग बाकी जग.

आणि आता पोलीस ठाणं.

पहिल्या दिवशी दोन तास बाकावर बसलो. ठाणे अंमलदारानं नोटा पाहिल्या आणि विचारलं, "या चालतात का?" मी म्हटलं, नाही, १९४२च्या आहेत. "मग बंद झालेल्या नोटांना तुम्ही दीड लाख दिले? आणि आता त्या खोट्या आहेत म्हणता? बंद नोट खरी काय आणि खोटी काय?" मागचे दोघं हसले. मी एकसष्ट वर्षांचा माणूस. मी उभा राहून त्यांना केझॉन, कॉरेहिडोर, चलन समित्या सांगत होतो आणि एक जण मोबाइल बघत होता.

दुसऱ्या खेपेला वेगळे साहेब. त्यांचं म्हणणं, "खोट्या नोटा तुमच्याकडे सापडल्या आहेत, प्रकरण तुमच्यावरच शेकेल." मी घाबरून घरी आलो, दोन रात्री झोपलो नाही. एका वकिलाशी बोललो तेव्हा ते म्हणाले, फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, तुम्ही तक्रारदार आहात, आरोपी नाही, भिऊ नका. पण तोपर्यंत तिसरी खेप वाया गेली होती.

तिसऱ्या खेपेला मला सायबरकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, "माल पोचला ना? मग ही दिवाणी बाब आहे, ग्राहक आयोगात जा." ग्राहक आयोगात जायला समोरच्याचा पत्ता लागतो. पत्ता शोधायचं काम पोलिसांचं. पोलीस म्हणतात सायबरकडे जा. असा मी ३१ ऑक्टोबर ते १२ डिसेंबर सात वेळा फिरलो. रिक्षाचेच १,३८० रुपये झाले. शेवटी सांगितलं की नोटा खोट्या असल्याचा दाखला आणा. कुणाचा? "रिझर्व्ह बँकेचा." अहो, बोहोल बेटाच्या चलन समितीची नोट खरी की खोटी हे रिझर्व्ह बँक कशाला सांगेल? तिच्या नोटा आहेत का त्या? मी तीन पानी टिपण लिहून दिलं, भिंगातून काढलेले फोटो जोडले, दोन्ही डागांचे फोटो शेजारी लावले. ते टिपण घेतलं की नाही याची पोच द्यायलाही कुणी तयार नाही.

माझी स्वतःची बँक, म्हणजे जिथे आता खातं आहे ती, म्हणाली, "पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही काय करणार?" ज्या खात्यांत पैसे गेले त्यांची केवायसी कुणीतरी केली असेल ना? कुणीतरी त्या तिघांचे आधार कार्ड, फोटो, सह्या घेतल्या असतील. मी जन्मभर हेच काम केलं, मला माहीत आहे कपाटात काय असतं. ते कपाट उघडायला एक पत्र लागतं आणि ते पत्र कुणी लिहीत नाही.

पोलीस तक्रार घेत नसतील तर वाद घालण्यात दिवस घालवू नका. तक्रार लेखी करा आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४)प्रमाणे पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवा, पोस्टाची पावती जपा. तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. मी हे १५ डिसेंबरला केलं. पावती आहे, उत्तर अजून नाही. चॅट पुसू नका. मी रागाच्या भरात अर्धा पुसला आणि त्यात ऑगस्टची सगळी बोलणी गेली.

ग्रुपच्या अॅडमिनला कळवलं. त्यांनी पोराला काढलं आणि मला सांगितलं की ग्रुपवर हा विषय नको, वातावरण बिघडतं. त्या ग्रुपवर तीन जणांनी मला एकट्याला मेसेज करून सांगितलं की त्यांचेही गेले. एकाचे ४०,०००, एकाचे २२,५००, एकानं आकडा सांगितला नाही. तिघांनाही आपलं नाव नको. मी त्यांना दोष देत नाही. मी स्वतः हिला तीन आठवड्यांनी सांगितलं, तेही ठेवीचं व्याज का आलं नाही असं तिनं विचारल्यावर. ती रागावली नाही. नुसतं म्हणाली, "मला एकदा दाखवल्या असत्या तर?" शिवणकाम करणारी बाई आहे. दोन कापडांवर एकच डाग एकाच जागी असतो का, हे तिनं एका नजरेत सांगितलं असतं.

आता परवाचं. दुसऱ्या एका ग्रुपवर, दुसरं नाव, दुसरा नंबर, या वेळी मामा नाही, आजोबा आहेत आणि गाव सिंधुदुर्गातलं आहे. बोहोलची नोट, मागणी ९,५०० रुपये. नंबर माझ्या दोन्ही नोटांपेक्षा वेगळा. उजव्या खालच्या कोपऱ्यात आंब्याच्या पानाचा डाग, टोक वर वळलेलं, डाव्या कडेला एक बारीक दात. फोटो मी जपून ठेवला आहे, माझ्या दोन नोटांच्या फोटोंशेजारी लावला आहे, आणि तिन्ही मिळून अधीक्षक कार्यालयाला दुसरं पत्र काल टाकलं. तुमच्या अल्बममध्ये गेल्या वर्षभरात घेतलेली बोहोलची नोट असेल तर आज रात्रीच पाकिटातून बाहेर काढा आणि तो कोपरा भिंगाखाली धरा. दात दिसला तर ती चौथी आहे.